इसवणाऐवजी काय? गोव्याच्या बाजारातल्या दुर्लक्षित मासळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्या फोनवर ओल्या फरशीवरच्या माशाचा फोटो येतो. खाली एकच ओळ असते: "हा कुठला? घेऊ का?" पाठवणारी कधी पर्वरीला फ्लॅट घेतलेली मावसबहीण असते, कधी फोंड्याची वहिनी, तर कधी कोल्हापूरहून बदलून आलेला नवऱ्याचा सहकारी. या सगळ्यांना इसवण (सुरमई), पापलेट, चणक (जिताडा) आणि सुंगटं (कोळंबी) ओळखता येतात. त्यांचा भाव ऐकला की ते एक पाऊल मागे सरतात आणि शेजारच्या पाटीतल्या अनोळखी मासळीकडे बघत उभे राहतात. तेवढ्यात मासळीवाली म्हणते, "हें व्हर बाय, ताजें आसा," आणि मला फोटो येतो.

तीच तीच उत्तरं लिहून कंटाळले, म्हणून सगळी एकदा इथे मांडली. मी म्हापशाच्या बाजारात मासळी घेते. त्यामुळे नावं आमच्याकडची आहेत. काणकोणात किंवा सावंतवाडीत त्याच माशाला दुसरं नाव असेल, तर भांडू नका, मासा बघा.

स्वस्त मासा म्हणजे चवीला कमी, असं नाही का?

नाही. माझं मत असं की मासळीचा भाव जिभेवर कमी आणि काट्यावर जास्त ठरतो. इसवण महाग का? गोल, स्वच्छ तुकडी पडते, मधे एकच जाड काटा असतो, खवलं काढायची कटकट जवळजवळ नसते आणि हॉटेलच्या ताटात ती तुकडी उठून दिसते. पापलेटाचंही तसंच आहे, अख्खं ताटात मावतं आणि फोटोत छान येतं. पर्यटकाला काटा काढता येत नाही, हॉटेलवाल्याला साफ करायला माणूस ठेवणं परवडत नाही, निर्यातदाराला एकसारख्या आकाराचा माल लागतो. या तिघांना सोयीचा तो मासा महाग होतो.

उलट (या माशांची ओळख पुढे करून देतेच) तारल्याला, म्हणजे सार्डिनला, बारीक काटे असतात, लेप्याची साल ओढावी लागते, सांगट बुळबुळीत असतो आणि दोडयारो मऊ असल्यामुळे तव्यावर फुटतो. यातली एकही तक्रार चवीची नाही. सगळ्या कामाच्या आहेत. ते अर्ध्या तासाचं काम तुम्ही घरी केलंत, तर त्याचे पैसे तुमच्या खिशात राहतात. एवढंच गणित आहे.

बरं, मग नेमके कुठले मासे घ्यायचे?

सुरुवात तारल्यांपासून करा. पेडवेही त्याच गोतातले, थोडे सडपातळ. पावसाळा सरल्यावर तारले चरबीने भरतात, तव्यावर तेल घालायला नको असं वाटावं इतके. वाट्याने घ्यायचे. ज्यांना "वाटा" हा हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे बारीक मासळी वजनावर कमी आणि ढिगाऱ्यावर जास्त विकली जाते. ढीग लहान वाटला तर वर दोन मासे मागायचे. त्यात लाज नाही, न मागणाऱ्यालाच मासळीवाली नवखी समजते.

लेपो हा माझा लाडका. जिभेच्या आकाराचा, चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला मासा. वाळूच्या तळाशी पडून राहतो म्हणून दिसायला मातकट. डोक्याकडून साल सुटी करायची, बोटांना मीठ लावून पकड घ्यायची आणि शेपटीपर्यंत एका झटक्यात ओढायची. पहिले चार फाटतात, पाचव्यापासून हात बसतो. आत पांढरं, गोडसर मांस आणि मधोमध फणीसारखा एकच सांगाडा. रवा लावून कुरकुरीत तळला की कडेचे बारीक काटेही चावून खाता येतात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत भरपूर येतो.

दोडयारो, मुंबईकर ज्याला ढोमा म्हणतात तो. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हा मासा पाण्यात डुरकतो. याच्या डोक्यात दोन पांढरे खडे सापडतात. मुलांना ते काढून दाखवले की पुढच्या वेळी तीच म्हणतात, खड्यांचा मासा आण. मांस मऊ आहे, त्यामुळे कढीत (आमच्याकडे माशाच्या रश्शाला कढी म्हणतात) घालून डाव फिरवत बसलात तर पिठलं होईल. जाड रव्यात घोळवून तळा आणि एकदाच उलटा.

राणी मासा गुलाबी, अंगावर पिवळसर रेघा, दिसायला इतका देखणा की स्वस्त असण्याचं कारणच कळत नाही. कारण एकच, मांस मऊ. पश्चिम किनाऱ्यावर पकडलेला यातला पुष्कळसा माल कारखान्यांत जाऊन सुरिमी होतो. परदेशात ज्या "क्रॅब स्टिक" मिळतात, त्यांत खेकडा नसून असल्या माशांचा लगदा असतो. आपण तो अख्खा, ताजा, घरात खाऊ शकतो.

बाळें, म्हणजे मराठीतली वाकटी. चांदीच्या पट्ट्यासारखा लांब, दातांनी भीती घालणारा. सुका सगळ्यांना माहीत असतो, ओला मात्र घ्यायला लोक कचरतात. खवलं नसतात. वरची चांदी सुरीच्या पाठीने खरवडायची, चार बोटांच्या तुकड्या करायच्या. दोन्ही कडांना काटे आहेत, मधलं मांस सरळ सुटतं.

सांगट, म्हणजे शिंगाळा. मिशा आणि बुळबुळीत कातडी बघून निम्मे लोक इथेच पळतात. मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून धुतला की बुळबुळ जाते. पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा असे तीन काटे विषारी असतात. ते टोचले तर हात ठणकतो, म्हणून ते बाजारातच तोडून घ्या. मांस घट्ट असल्यामुळे आंबट कढीत उत्तम टिकतं.

याशिवाय काटी बांगडा आहे, शेपटीजवळ दोन्ही बाजूंना करवतीसारखी कडक कड असलेला. ती कड सोलून टाकली की एरवीच्या बांगड्यासारखाच वापरायचा, फक्त मांस थोडं कोरडं. करली काट्यांनी गच्च, पण चव अशी की मालवणी माणूस तिच्यासाठी इसवण बाजूला सारेल. तिला जवळजवळ चिरा देऊन तळतात, म्हणजे काटे तुटून कुरकुरीत होतात. आणि टोळ, लांब चोचीचा. याची हाडं हिरवी असतात. दरवर्षी कुणीतरी घाबरून मला फोन करतं. तो रंग पित्तासारख्या एका रंगद्रव्याचा आहे, मासा खराब झाल्याचा नाही. बिनधास्त खा.

मला तुकडीच हवी. बारीक मासळी नको. मग?

मग मोडसो विचारा. काळपट पाठ, चपटं डोकं, मोठा मासा, घट्ट मांस. अगदी स्वस्त म्हणता येणार नाही, पण इसवण चढलेला असतो तेव्हा मोडसो साधारणपणे खाली असतो, आणि तव्यावरची तुकडी डोळे मिटून खाल्ली तर फरक सांगायला मुरलेला गोंयकार लागतो. दुसरा पर्याय कुप्पा (ट्यूना). मांस लाल आणि रक्ताळ, म्हणून लोक नाक मुरडतात. मधली गडद पट्टी काढून टाका, तुकड्या मिठाच्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवा आणि मसाला थोडा झणझणीत करा. कुप्पा शिजवून, कुस्करून, कांदा-खोबऱ्यावर परतला की भाकरीबरोबर काय लागतो म्हणून सांगू.

पापलेटाऐवजी?

हळवो, तो पापलेटाचा काळा भाऊ. तोही हल्ली वर चढलाय. नाहीतर लेपो.

काट्यांची भीती वाटते. घरात लहान मुलं आहेत.

भीती रास्त आहे, पण सगळ्या माशांचे काटे सारखे नसतात. बांगड्याचा मधला काटा एकदा उचलला की पोटाजवळचे थोडे सोडले तर काम संपलं. लेप्याचं वर सांगितलंच. राणी माशाच्या दोन्ही बाजू मासळीवालीकडूनच हाडावरून उतरवून घ्या, गर्दी नसेल तेव्हा ती करून देते. गर्दीत मात्र हे मागू नका, शिव्या खाल.

तारल्यांसाठी माझी युक्ती कुकरची आहे. डोकी आणि पोटं काढून तारले कुकरमध्ये रचायचे. मीठ, हळद, लाल मिरचीची पूड, दोन चमचे माडाचं व्हिनेगर, थोडं तेल आणि अर्धी वाटी पाणी घालायचं. पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करून 25-30 मिनिटं. आंबट आणि वाफ या दोघांत काटे इतके मऊ होतात की पावात घालून सरळ खाता येतात. डब्यातल्या परदेशी सार्डिनचं गुपित तरी दुसरं काय असतं? शिवाय हाडांतलं कॅल्शियम पोटात जातं. माझी भाची, जी एरवी मासा म्हटलं की वरणभात मागते, ती हे तारले खाते. तिला आम्ही मासा आहे असं सांगत नाही, हा भाग वेगळा.

आणि चुकून काटा अडकलाच तर कोरड्या भाताचा गोळा गिळायचा हा आजीचा उपाय सोडून द्या, काटा आणखी खोल रुतू शकतो. टोचणं थांबलं नाही तर डॉक्टरकडे जा.

तारले, बांगडे घरात केले की वास राहतो. शेजारी तक्रार करतात.

तेलकट माशाला वास येणारच. पण घमघमाट आणि दर्प यांत फरक आहे. दर्प येतो तो शिळ्या माशाचा, किंवा पोटातली काळी पातळ त्वचा आणि कण्याला चिकटलेलं रक्त तसंच राहिल्याचा. ते बोटाने घासून काढा.

बाकी काम तिरफळांचं. आमच्या आज्यांनी बांगडे-तारल्यांना तिरफळ आणि इसवणाला कांदा हे उगाच वाटून दिलेलं नाही. आठ-दहा तिरफळं किंचित ठेचायची, आतली काळी बी काढून टाकायची आणि कढी उतरायच्या आधी पाच मिनिटं घालायची. वाटणात वाटू नका, कडू होतं. खायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. नवख्या जावयाने एक चावलं की सगळं घर हसतं, तेवढी करमणूक फुकट.

कुठल्या माशाचं हुमण आणि कुठला तळायचा, हे कसं ठरवायचं?

माशाच्या चरबीकडे आणि घट्टपणाकडे बघा, नावाकडे नको.

तेलकट आणि तिखट वासाचा असेल (तारले, पेडवे, बांगडा, काटी बांगडा) तर आंबटाला घाबरू नका. सोलं (आमसुलं) सढळ हाताने घाला. ओलं खोबरं, लाल मिरच्या, धणे, हळद यांचं वाटण, वर तिरफळ. पाण्याचा हात आखडता ठेवलात तर तिखलं होतं, सैल सोडलात तर हुमण. उडदामेथी फक्त बांगड्याची होते असा समज आहे. तारल्यांची करून बघा: उडीद आणि मेथी तेलावर लालसर परतून खोबऱ्याबरोबर वाटायची, आंबटाला अंबाडे मिळाले तर उत्तम. मेथी मोजून घ्या, पाव चमच्याच्या वर गेलात की औषध होतं.

घट्ट आणि उग्र असेल (सांगट, कुप्पा) तर आंबट-तीख. इथे खोबरं नसतं. लाल मिरची, लसूण, मिरी, जिरं, चिंच किंवा व्हिनेगर. आंबट-तीख दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे शास्त्र नसलं तरी सत्य आहे.

पांढरा आणि मऊ असेल (दोडयारे, राणी, लेपो) तर तवा. हे मासे कढीत घालायचेच असतील तर कढी आधी पूर्ण शिजवा, शेवटी मासा सोडा, डाव न घालता भांडंच दोन्ही हातांनी धरून फिरवा.

रेशाद मसाला (लाल मिरच्या व्हिनेगरमध्ये वाटून केलेला) कशालाही चालतो. बांगड्याच्या पोटात भरायची रीत आहे, पण मी तो लेप्याला दोन्ही बाजूंनी माखते. मसाला पातळ लावा, नाहीतर नाजूक माशाची चव पार बुडते.

ताजा आहे हे कसं ओळखायचं? फॉर्मेलिनचं काय?

अनोळखी माशाच्या बाबतीतही खुणा त्याच आहेत: डोळा फुगीर आणि पारदर्शक, कल्ले उघडले की लाल, बोटाने दाबलं की खड्डा परत भरून यायला हवा. तारल्यांच्या बाबतीत पोट बघा. तारल्याच्या पोटातले पाचक रस मेल्यावरही काम करत राहतात, त्यामुळे बर्फ कमी पडला की पोट आधी फुटतं. वाट्यातले निम्मे तारले पोट फुटलेले असतील तर पुढे चला, कितीही स्वस्त असोत. लेप्याची साल घट्ट चिकटलेली हवी.

2018च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन (मासळी टिकून दिसावी म्हणून मारतात ते रसायन) असल्याच्या संशयावरून गदारोळ झाला, बाहेरच्या मासळीवर काही काळ बंदीही आली, हे गोव्यात कुणी विसरलेलं नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने घरच्या घरी तपासता येईल असा कागदी पट्ट्यांचा संच त्याच वर्षी आणला होता. मी स्वतः साधा नियम पाळते: जो मासा शेकडो किलोमीटर आणून विकणं परवडतं, तो महाग मासा असतो. लेपो, पेडवे, दोडयारे यांच्यासाठी सहसा कुणी एवढा लांबचा ट्रक लावत नाही. हे काही प्रमाणपत्र नव्हे, पण जवळचा मासा मिळण्याची शक्यता वाढते. माशावर माशी बसत नसेल तर संशय घ्या असं लोक सांगतात. भरपूर बर्फ असला तरी माशी बसत नाही, तेव्हा माशीवर विसंबू नका.

एक गोष्ट जास्त महत्त्वाची. बांगडा, तारले, कुप्पा हे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टमीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोक म्हणतात "मला बांगड्याची ॲलर्जी आहे". अनेकदा ती बांगड्याची नसते, गाडीच्या डिकीत बर्फाशिवाय दोन तास पडलेल्या पिशवीची असते. बाजार शेवटी करा, मासळी घेऊन थेट घरी या.

कुठे आणि कधी घ्यायची?

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात इसवणासाठी हट्ट धरलात तर बर्फातला किंवा बाहेरचा माल मिळेल, तोही सोन्याच्या भावाने. तेव्हा नदीकडे वळा: शेवटो (बोई), खाडीतली बारीक मासळी, मानशीवर (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) मिळणारी सुंगटं. शेवटो हा 2016पासून गोव्याचा राज्यमासा आहे. बिचाऱ्याला मान मिळाला, गिऱ्हाईक मात्र अजून चणक विचारतं. चिखलातला शेवटो कधी कधी मातीसारखा लागतो. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून आंबट घातलं की ती चव जाते.

ऑगस्ट ते डिसेंबर ही स्वस्त मासळीची दिवाळी. बेतीजवळच्या मालीम जेटीवर, दक्षिणेत कुटबणला पहाटे ट्रॉलर लागतात. तिथे पाटीने घ्यावं लागतं, म्हणून तीन-चार घरं मिळून जा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जाते त्या किनाऱ्यावर सकाळी उभे राहिलात तर जाळ्यातून निघालेली मासळी तशीच मिळते. बारीक मासळीची खरी ओळख मला तिथेच झाली. या रापणकारांनी 1970च्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध केलेल्या आंदोलनातून पुढे 1980चा सागरी मासेमारी कायदा आला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. तो पट्टा आज किती पाळला जातो, हे एखाद्या रापणकाराला विचारा आणि तासभर मोकळा ठेवा.

शिवराक दिवसांची गंमत विसरू नका. सोमवारी आणि श्रावणात निम्म्या हिंदू घरांत मासळी शिजत नाही, तेव्हा भाव उतरतो. ज्यांना सोमवार नाही त्यांनी सोमवारीच बाजारात जावं. आमच्याकडे सोमवार आहे, म्हणून मी हे हळहळत लिहिते आहे.

मोरी (शार्क) आणि वागोळें (पाकट) स्वस्त मिळतात. घ्यावीत का?

आंबट-तीख मुळात त्यांचंच, आणि काटे नाहीत म्हणून मुलांनाही सोपं, हे मान्य. पण मी हल्ली घेत नाही. तारला एका वर्षात वयात येतो आणि अंडी टाकतो. मोरीच्या बऱ्याच जाती वयात यायला कित्येक वर्षं घेतात आणि मोजकी पिल्लं घालतात. वीतभर मोरींचा वाटा बाजारात दिसतो, त्यातल्या बऱ्याच जन्मून फार दिवस झालेल्या नसतात. शिवाय शार्क, पाकट आणि गिटारमाशांच्या बऱ्याच जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. 2022च्या दुरुस्तीनंतर ती यादी आणखी लांबली. कापलेल्या तुकडीवरून जात ओळखणं तुम्हा-आम्हाला शक्य नाही. आंबट-तीख सांगटाचं करा, चुलीला फरक कळत नाही.

बारीक मासळी म्हणजे पिल्लं खाणं झालं ना?

चांगला प्रश्न. मासा जातीनेच लहान असणं वेगळं आणि मोठ्या माशाचं पिल्लू असणं वेगळं. पेडवे मोठे होऊनही पेडवेच राहतात. बोटभर बांगडे मात्र पिल्लं आहेत. केरळने पकडायच्या माशांची किमान लांबी कायद्याने ठरवली आहे: बांगडा 14 सेंटीमीटर, तारला 10. हेच माप मी बाजारात वापरते. माझी वीत 18 सेंटीमीटरची, त्यामुळे फूटपट्टी लागत नाही. हातभर लांबीपेक्षा लहान इसवण "स्वस्त" म्हणून कुणी पुढे केला तर तो स्वस्त नाही, उद्याचा महाग इसवण आजच मारलेला आहे.

आरोग्याला कुठला बरा?

ओमेगा-3साठी तारले आणि बांगडे यांच्यापुढे पापलेट काहीच नाही. पाऱ्याचं म्हणाल तर मोठे, दीर्घायुषी, दुसऱ्या माशांना खाणारे मासे तो अंगात साठवतात, लहान माशांत तो कमी असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांनी टाळायच्या यादीत शार्क आणि तिकडचा किंग मॅकरेल (इसवणाचा अटलांटिकातला भाऊबंद) घातला आहे, आणि निर्धास्त खायच्या यादीत सार्डिन. आमच्याकडे गरोदर सुनेला कौतुकाने इसवण आणतात. तारले आणा. मात्र गाऊट असलेल्यांनी तारल्यांवर ताव मारण्याआधी डॉक्टरला विचारावं.

पाहुण्यांना तारले कसे वाढायचे? बरं दिसत नाही.

खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे सगळे त्याच्या आडून येतात. आमच्या समाजात पाहुणचार तुकडीच्या जाडीवर मोजतात. मुंबईचा भावोजी आला आणि ताटात तारला दिसला तर तो काही बोलत नाही, पण त्याची बायको गाडीत बोलते.

मी दोन वेळा फजिती करून घेतली आणि मग एक रीत बसवली. मासा अख्खा, ओळखू येईल असा वाढायचा नाही. लेप्याच्या दोन्ही बाजू सोडवून, रवा लावून तळून वाढते, कुणीच नाव विचारत नाही, फक्त आणखी मागतात. राणी माशाचे कटलेट करते. कुप्प्याचं सुकं वाटीत देते. सगळं संपल्यावर नावं सांगते. एकदा जेवण झाल्यावर एक थोरले काका हात धुताना म्हणाले, "चणक मस्त होतं हं." तो दोडयारो होता. मी त्यांना सांगितलं नाही, वयाचा मान ठेवला.

लग्नाच्या बोलणीला मात्र इसवणच करा. एवढं धैर्य माझ्यातही नाही.

जास्त आणून फ्रीजरमध्ये ठेवता येईल?

पांढरा मासा दोन-तीन महिने ठीक. तारले-बांगडे महिन्याभरात संपवा, कारण त्यांची चरबी गोठलेल्या अवस्थेतही खवट होते. साफ करून, मीठ-हळद लावून, एका जेवणाचा एक डबा असं ठेवा.

सुकी मासळी या हिशेबात बसते का?

बसते, आणि पावसाळ्यात तर तीच तारते. मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्तांना (पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रांना) मडगाव-म्हापशात खारे बांगडे, सुंगटं, बाळें यांचे ढीग लागतात. उन्हात हाताला कोरडं लागेल, मोडलं की कटकन आवाज येईल असं घ्या. पिवळट पडलेलं नको. भाजलेल्या खाऱ्या बांगड्याची किंवा सुक्या सुंगटांची किसमूर, वर ओलं खोबरं आणि कच्चा कांदा, बाजूला पेज. भाव वाढले म्हणून रडणाऱ्याने ही पेज एकदा जेवावी. मीठ खूप असतं, रक्तदाब असलेल्यांनी चवीपुरतीच.

बारीक मासळीत डोकी-शेपट्या फार वाया जातात. त्यांचं काय करायचं?

तारल्यांत वजनाचा बराच भाग जातो, खरं आहे. भाव करताना तो धरा. तरीही बहुतेक वेळा हिशेब तारल्यांच्याच बाजूने पडतो. मोठ्या माशाचं डोकं असेल तर त्याचंच हुमण करा. बारकी डोकी मी माडाच्या आळ्यात वीतभर खोल पुरते. उथळ पुरली तर मांजरं उकरतात. माझ्या आजोबांच्या वेळी रापणीला तारल्यांचा पूर आला की गिऱ्हाईक मिळत नसे आणि पाट्याच्या पाट्या माडांच्या मुळाशी ओतायचे. आजोबा म्हणायचे, त्या वर्षीचा नारळ वेगळाच गोड लागायचा. आणि त्याच नारळाचं वाटण पुढच्या वर्षीच्या तारल्यांच्या हुमणात पडायचं.